वरच्या झऱ्याचं पाणी

माणसांना घरात कोंडलं की ती रानात घुसतात, हे मंजूषाला दोन हजार वीसच्या मे महिन्यात कळलं. ऑफिसं बंद, हॉटेलं बंद, न्हाव्यांची दुकानं नुकती कुठं उघडलेली. मग जायचं कुठं? तर वाल्सबेकच्या डोंगरात. नेदरलँडच्या पार दक्षिण टोकाला असलेल्या या उंचवट्याला सह्याद्रीतल्या पाटणच्या माणसानं टेकाडसुद्धा म्हटलं नसतं. पण बाकीचा देश ताटासारखा सपाट, त्यामुळे वासरात लंगडी गाय शहाणी. आम्सटरडॅमहून माणसं तीन-तीन तास गाडी हाकत यायची, कुत्री मोकळी सोडायची, आणि 'आत जाऊ नये' या पाटीला पाठ टेकून डबे उघडायची.

आजही कुंपण पाडलेलं होतं. पाच खुंट्या उपटून बाजूला टाकल्या होत्या. मंजूषानं ढकलगाडी थांबवली आणि मराठीतून एक सणसणीत शिवी घातली. तिचा मुकादम हूब पुढे चालला होता. साठीचा, उंच, कमरेत वाकलेला माणूस. त्याला शब्द कळला नाही, पण अर्थ कळला. तो म्हणाला, "मोगरी दे."

तिनं खुंटी धरायची, त्यानं मोगरी मारायची. महिना-दीड महिना पाऊस नव्हता. एरवी लोण्यासारखी असणारी इथली माती विटेसारखी झाली होती. खुंटी दोन बोटं आत जाऊन अडायची आणि दणका मंजूषाच्या कोपरापर्यंत यायचा. तळहाताला फोड आले होते, ते फुटून परत आले होते.

हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो प्राणी वीतभर लांबीचा. सॅलमँडर. काळाकुळकुळीत, अंगावर हळदीचे डाग. पहिल्यांदा सासूबाईंना फोटो पाठवला होता तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, पाल!" मंजूषा म्हणाली, "पाल नाही हो आई, बेडकाच्या भावकीतला आहे." सासूबाईंनी मग दर फोनला न चुकता विचारायचं, "तुझा तो हळदीचा नवरदेव कसा आहे?" साताऱ्याला प्राणिशास्त्र घेऊन मंजूषा बी.एस्सी. झाली होती. लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर इथं आली आणि चार वर्षं घरात बसून डच भाषेच्या शिकवण्या केल्या. शेवटी हे काम मिळालं, जंगल सांभाळणाऱ्या एका संस्थेत, गमबूट आणि फावड्याचं. त्या दिवशी ती रडली होती आनंदानं.

नवरदेवाची जात आता संपत आली होती. बारा-तेरा वर्षांपूर्वी एक बुरशी आली, ती त्यांची कातडी खाते. हे प्राणी कातडीतून श्वास घेतात. कातडीला भोकं पडली की संपलं. ती बुरशी आली आशियातून, काचेच्या टाकीत पाळायला आणलेल्या दुसऱ्या जातीच्या प्राण्यांबरोबर. त्या प्राण्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. कुणीतरी हौस फिटल्यावर ते बाहेर सोडून दिले, नाहीतर टाकीचं पाणी ओतलं. बस्स. हजारोंचे शेकडो झाले, शेकड्यांचे बोटांवर मोजण्याइतके. या बाजूला एकच ओढा बुरशीतून सुटला होता, आणि यंदा तोही आटला. पिल्लं फक्त वरच्या झऱ्याच्या डबक्यात उरली होती. बोटाएवढी, मानेला कल्ल्यांचे झुबके असलेली.

खुंट्या ठोकून दोघं वर आली तर डबक्यात एक सोनेरी कुत्रा डुंबत होता. काठावर एक बाई आणि पुरुष, दोघांच्या पायांत महागडे चालायचे बूट.

"कुत्र्याला बाहेर काढा!" मंजूषा ओरडली. "आत्ताच्या आत्ता! कुंपण दिसलं नाही?"

ती पुढे झाली तसा पुरुषानं तळहात वर केला. "मॅडम. दीड मीटर."

तिनं पाऊल मागं घेतलं. नियम तो नियम. बाईनं खिशातली बाटली काढून हाताला सॅनिटायझर चोळला, मंजूषाकडे बघत, सावकाश. मग इंग्रजीत, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "तुमच्या देशात आत्ता फारच वाईट चाललंय ना?"

मंजूषाच्या डोक्यात तिडीक गेली. हाताला औषध लावता, तोंडाला फडकं बांधता, स्वतःची कातडी एवढी प्यारी. आणि ज्याला कातडी हाच श्वास, त्याच्या पाण्यात घाणेरडे बूट घालता! पण डचमध्ये एवढं भांडण तिला यायचं नाही. भांडायला माणसाला आपलीच भाषा लागते. हूबनंच त्यांना शांतपणे खाली नेलं. मंजूषा फाटकाशी आली, गुलाबी औषधाच्या घमेल्यात उभी राहिली आणि ब्रशनं बूट घासत बसली. आधी तळ, मग टाचेच्या खाचा. जाताना-येताना, रोज. तिच्या गमबुटाचा काळा रंग त्या औषधानं राखाडी झाला होता.

घरी चंद्रहास स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हेडफोन लावून बसलेला असायचा. त्याचं ऑफिस दूर हूफडॉर्पला. मार्चपासून ते या टेबलावर आलं होतं. त्या दिवशीही मंजूषानं पोळ्या लाटता लाटता सगळं सांगितलं. कुत्रा, ती बाई, बुरशी, बूट.

"खालचा ओढा पार गेला रे. पाणी आता फक्त वरच्या झऱ्याला आहे. तेवढं एक डबकं वाचलं तर वाचलं."

"हं," चंद्रहास म्हणाला.

"ऐकतोयस का?"

"हं. ऐकतोय ना."

तो ऐकत नव्हता हे तिला कळायचं. पण बोलायचीही सोय नव्हती, कारण एप्रिलच्या सुरुवातीला सासूबाई गेल्या होत्या. झोपेतच. विमानं बंद होती. चंद्रहासनं आईला शेवटचं बघितलं ते मोबाइलवर. दहाव्याला त्याचा मोठा भाऊ शशिकांत कोयनेच्या काठावर फोन उंच धरून उभा राहिला. पिंड ठेवला होता. बाभळीवर कावळे बसले होते आणि एकही खाली येत नव्हता. शशिकांतनं सगळं कबूल केलं: घर विकणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही, तुळशीला पाणी घालू. कावळे हलले नाहीत. शेवटी फोनमध्येच तो म्हणाला, "चंदू, तुझ्यातच अडकलाय रे तिचा जीव." आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

चंद्रहास तेव्हापासून गप्प झाला होता. गवताचा कावळा, एवढंच तो एकदा म्हणाला होता. मंजूषाला त्याची दया यायची आणि कधीकधी रागही. कारण सासूबाई तिच्याही होत्या, आणि नवरदेवाची चौकशी करणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

मे संपता संपता आल्मेरेहून अभिजित आणि स्वप्नाली आले. अभिजित चंद्रहासचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याची नोकरी गेली होती आणि भारतात जाणाऱ्या खास विमानात दोघांना जागा मिळाली होती. कायमचे चालले होते. निरोप घ्यायला आले ते गाडीत कुकर, मिक्सर, गाद्या असं सगळं भरून. मंजूषानं साबुदाण्याची खिचडी केली. खाऊन झाल्यावर अभिजितनं डिकीतून एक काचेची टाकी आणली आणि तिच्यापुढे अंगणात ठेवली. आत दोन प्राणी होते, वरून काळे. एकानं काचेला पोट लावलं. पोट लाल होतं, शेंदरासारखं.

मंजूषा खुर्चीवरून उठून मागं झाली. "हे कुठून आणलंस?"

"अगं, एकानं दिले होते वाढदिवसाला. चिनी आहेत. लॉकडाउनमध्ये काय टाइमपास झाला म्हणून सांगू! म्हटलं, मंजूषा हेच काम करते, तीच नीट सांभाळेल."

"अभिजित, ही टाकी उचल. गाडीत ठेव. आत्ता."

"अगं, पण..."

"या प्राण्यांच्या अंगावरची बुरशीच आमच्या जंगलात सगळ्यांना मारतेय. मी रोज बूट घासते ते कशासाठी? आल्मेरेत परत ने. तिथं प्राणी घेणारी संस्था आहे, मी फोन लावून देते. पण इथं नको. पाण्याचा थेंबसुद्धा सांडायचा नाही."

स्वप्नालीचा चेहरा उतरला. "एवढं काय चिडायचं? निरोप घ्यायला आलोय आम्ही. परवा आमचं विमान आहे, घर रिकामं करायचंय. कुठं फिरत बसू यांना घेऊन?"

"मग पाळायला कशाला आणलेत?"

चंद्रहासनं टाकी उचलली आणि म्हणाला, "मी ठेवतो गाडीत. मंजू, तू चहा टाक." मित्रासमोर बायकोनं शोभा केली म्हणून त्याचे कान लाल झाले होते. मंजूषानं चहा केला, साखर जास्त पडली. गाडी गेली तेव्हा तिनं खिडकीतून हात केला. स्वप्नालीनं केला नाही. रात्रभर मंजूषाला वाटत राहिलं, आपण फार टाकून बोललो.

पुढचे दिवस ओझ्याचे गेले. डबक्याचं पाणी रोज बोटभर उतरायचं. बाहेरून पाणी आणून ओतायची सोय नव्हती. त्याबरोबर काय येईल याचा नेम नाही. म्हणून जे आहे ते अडवायचं. वाळूची पोती खांद्यावर घेऊन चढ चढायचा, डबक्याच्या तोंडाशी रचायची, फटीत चिकणमाती दाबायची. मास्क घामानं तोंडाला चिकटायचा. रानलसणीचा उग्र वास, पाठीत कळ, गुडघ्याला खरचटलेलं. हूब म्हातारा असून तिच्यापेक्षा एक पोतं जास्त न्यायचा आणि बोलायचा काही नाही. एकदाच म्हणाला, "माझ्या लहानपणी पावसानंतर शाळेला जाताना हे इतके असायचे की बघून पाय टाकावा लागे." आणि पुढचं पोतं उचललं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, आभाळ भरून आलेल्या एका सकाळी, मंजूषा गुडघ्यावर बसून बारीक जाळीनं डबक्यातली पानं काढत होती. जाळीत काहीतरी वळवळलं. तिला वाटलं पिल्लू. तिनं जाळी ताटलीवर उपडी केली. प्राणी पाठीवर पडला आणि त्याचं पोट वर आलं.

लाल. शेंदरासारखं.

हूब पलीकडे कुंपण बघायला गेला होता. तिनं तो प्राणी डब्यात घातला, झाकण दाबलं, आणि बूट घासताना तिच्या लक्षात आलं की आपले दात वाजतायत. थंडी नव्हती.

चंद्रहास मीटिंगमध्ये होता. तिनं त्याच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला आणि डबा लॅपटॉपवर ठेवला.

"हे काय आहे?"

त्यानं लॅपटॉपचा कॅमेरा हातानं झाकला. डब्याकडे बघितलं. आणि त्याच्या तोंडावर जे उमटलं ते बघून तिला पुढचं विचारायची गरज राहिली नाही. तरी तिनं विचारलं.

"टाकी गाडीत ठेवली होतीस ना?"

"सायकलच्या शेडमध्ये ठेवली," तो म्हणाला. "तो केविलवाणा झाला होता गं. कायमचा चाललाय माणूस. नाही कसं म्हणू?"

"आणि मग?"

"मग परवा आईची तिथी होती. दुसरा महिना. अभिजितच जाताना म्हणाला होता, मुका जीव सोड तिच्या नावानं, पुण्य लागतं. मी काय मारणार होतो का त्यांना? गटारात टाकणार होतो? पाण्यातला जीव पाण्यात सोडला. तू सकाळी खाली काम करत होतीस. मी वर गेलो, हात जोडले आणि..."

"वरच्याच झऱ्यावर का?"

चंद्रहासनं मान वर केली. त्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं. "तूच म्हणालीस. पाणी फक्त वरच्या झऱ्याला आहे म्हणून."

मंजूषा खुर्चीवर बसली. दोन महिने तिनं या माणसापुढे तोंड वाजवलं होतं. बुरशी, कातडी, चिनी प्राणी, बूट. सगळं त्याच्या कानावरून गेलं होतं. आत गेलं होतं एवढंच एक वाक्य. तिला वाटलं ओरडावं. ती ओरडलीच.

"हं, हं, हं! दोन महिने नुसतं हं! मी काय भिंतीशी बोलत होते? बायको दिवसभर चिखलात राबते ती काय हौस म्हणून? माझं काम म्हणजे तुला टाइमपास वाटतं का रे?"

"मला माहीत नव्हतं."

"माहीत होतं! अंगणात सांगितलं मी, तुझ्या तोंडासमोर! तुला मित्राची भीड महत्त्वाची वाटली. माझं बोलणं नाही."

"मंजू, माझी आई..."

"तुझ्या आईनं विचारलं असतं! सोडायच्या आधी मला फोन केला असता तिनं, की अगं, हे चालतं का तुझ्या नवरदेवाला!"

तो रडायला लागला. एप्रिलपासून तो रडला नव्हता. मंजूषा उठली नाही. उठावंसं वाटत होतं, आणि त्याचाही तिला राग आला. आपलं दुःख मोठं म्हणून दुसऱ्याच्या पाण्यात सोडायचं?

बऱ्याच वेळानं तो नाक पुसत म्हणाला, "हा मिळाला ना. मग झालं. दुसराही शोधू. कुणाला कळायचं कारण नाही. गुन्हा आहे हा इथं, आपला परमिट..."

"दोन दिवस होता तो त्या पाण्यात," ती म्हणाली. "बूट घाल."

हूब फाटकाशी कठड्यावर बसून डबा खात होता. मंजूषानं चंद्रहासला दीड मीटरवर उभं केलं आणि म्हणाली, "सांग." तो इंग्रजीत सांगत होता, मधेच अडखळत होता, आईचं सांगताना थांबला. हूब ऐकत राहिला. हातातला पाव त्यानं परत कागदात गुंडाळला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो फक्त मंजूषाकडे वळला आणि हात पुढे केला.

"किल्ली."

तिनं फाटकाची किल्ली गळ्यातून काढून त्याच्या हातावर ठेवली. दोन वर्षं ती किल्ली मंगळसूत्राबरोबर तिच्या गळ्यात होती.

तपासणीचं उत्तर आठवड्यात आलं. लाल पोटाच्या प्राण्याच्या अंगावर बुरशी निघाली. पांढरे कपडे घातलेली माणसं आली आणि पिल्लं उचलून घेऊन गेली. पिल्लं पाण्यात असेपर्यंत त्यांना बुरशी धरत नाही. कातडी पालटून जमिनीवर आली की धरते. म्हणून ती आता कुठल्यातरी बंद खोलीत, काचेमागे वाढणार होती. मोठ्यांचं काय? ते रानात कुठं कुठं दगडाखाली दडलेले. त्यांना कोण बोलावणार? जे डबकं कुत्र्यांपासून, उन्हापासून, आख्ख्या देशाच्या बुटांपासून वाचवलं, ते घरच्या माणसानं बुडवलं. संस्थेनं मंजूषाचं काम थांबवलं. चंद्रहासला दंडाची नोटीस आली.

"दुसरा सापडला पाहिजे," एवढंच हूब म्हणाला होता. म्हणून दोघं रोज पहाटे उजेड फुटताच जायची आणि बंद फाटकाबाहेर भिकाऱ्यासारखी उभी राहायची, हूब येऊन कुलूप काढेपर्यंत. येणारेजाणारे बघायचे. मंजूषाला आधी वाटायचं जमीन दुभंगावी. मग सवय झाली. चंद्रहास ऑफिस सुरू व्हायच्या आधी ओढ्यात गुडघे टेकून दगड उचलायचा, खाली बघायचा, होता तसा ठेवायचा. त्याच्या कीबोर्डवरच्या मऊ बोटांची नखं तुटली, गुडघ्यांची सालटी निघाली. तिनं त्याला एकदाही मलम लावलं नाही. घरात बोलणं कामापुरतं. पोळी वाढू का, दूध संपलंय. आता तोच विचारायचा, ही बुरशी किती दिवस राहते गं मातीत? आणि ती म्हणायची, "हं."

जुलैत पाऊस आला. तीन-साडेतीन महिन्यांनी रान वाजायला लागलं. सकाळी दोघं वर चढत होती. चंद्रहास पुढे होता. तो एकदम थांबला आणि खाली बसला.

वाटेच्या मधोमध, दिवसाउजेडी, मोठा सॅलमँडर पडला होता. हा प्राणी उजेडात बाहेर येत नाही. आला म्हणजे कळावं. काळ्या पाठीवर, हळदीच्या डागांवर, बारीक भोकं होती, उदबत्तीचे चटके दिल्यासारखी. मागचा एक पाय हलत होता. चंद्रहासला लाल पोटाचा दुसरा कधीच मिळाला नव्हता. हा मिळाला.

"हे त्याच्यामुळेच का?" त्यानं विचारलं. "आधीचंही असेल ना? कुणाच्या बुटाचं?"

"असेलही," मंजूषा म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. खोटं बोलून त्याला मोकळं करणं तिच्या जिवावर आलं होतं. पाय हलायचा थांबला. पावसाचं पाणी त्या अंगावरून घरंगळत होतं आणि भोकांत साठत होतं.

"मंजू, मी काय करू आता?"

"कावळा शिवला नाही की काय करतात तुमच्यात?"

त्याला पटकन कळलं नाही. मग तो हळू म्हणाला, "मागं राहिलेल्यांनी कबूल करायचं. तुमचं राहिलेलं आम्ही बघू म्हणायचं."

"मग म्हण."

"कुणाला?"

तिनं बोट दाखवलं. चंद्रहासनं हात जोडले. ओठ हलले, आवाज आला नाही. कोयनेच्या काठावर त्याच्या वाट्याला फक्त फोन आला होता. तिथं बोलायचं राहिलेलं सगळं आता वर येत असणार. मंजूषाला ते दिसत होतं. तिचा हात त्याच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"मोठ्यानं," ती म्हणाली.

"तुमचं राहिलेलं," तो म्हणाला, "मी बघतो. मी बघतो."

वर झाडावर कुणी बसलेलं नव्हतं. पाऊस पडत राहिला. मंजूषानं हातमोजे चढवले, ते अंग उचलून पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. खाली फाटकाशी हूब वाट बघत उभा होता. तिनं पिशवी त्याच्याकडे दिली, गुलाबी पाण्याचं घमेलं पायानं चंद्रहासकडे सरकवलं आणि ब्रश त्याच्या हातात कोंबला.

"घास," ती म्हणाली. "टाचेच्या खाचासुद्धा."